दालमिलच्या दगडावर घासलेला दात

मी एक जुना दात आहे. हिरडीतून उगवलेला नव्हे, नांदेडच्या एका भट्टीत भाजलेला. आज माझे दोन तुकडे झालेले आहेत आणि ते लातूरच्या औसा रोडवरील एका दवाखान्यात, काचेच्या छोट्या वाटीत ठेवलेले आहेत. मित्रांनो, तुटक्या वस्तूंनी आपलं रडगाणं गावं अशी एक रीत पडून गेली आहे. मी रडणार नाही. मी उभ्या आयुष्यात एकही जेवण धड चावलेलं नाही, तरीही मला स्वतःचा अभिमान वाटतो. तो का वाटतो, हे तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत तर तुम्हालाही पटेल.

झिरकोनिया नावाच्या पदार्थाची फार बारीक भुकटी दाबून पांढरी चकती तयार करतात. त्या चकतीतून मी आलो. चकती दात बनवणाऱ्या लॅबमध्ये येते तेव्हा खडूइतकी मऊ असते. नखाने ओरखडा उठतो, हातातून पडली तर टवका उडतो. तिच्यातून एक यंत्र दाताचा आकार कोरून काढतं. हा आकार हवा त्यापेक्षा मुद्दाम मोठा ठेवतात. मी कोरून निघालो तेव्हा वासराच्या तोंडात बसेन एवढा होतो.

माझ्यावर काम करणाऱ्या कारागिराचं नाव व्यंकटी. दातांच्या कॅप, म्हणजे झिजल्या-तुटल्या दातावर बसवायच्या माझ्यासारख्या टोप्या, बनवण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. त्याने मला ब्रशने झाडलं, दाताचा पिवळसर रंग पाजला, वाळवलं आणि भट्टीत ठेवलं. ही भट्टी हळूहळू दीड हजार अंशांच्या आसपास पोचते, तिथे बराच वेळ थांबते आणि तितक्याच सावकाश उतरते. त्या उष्णतेत माझे कण एकमेकांना चिकटले. त्यांच्यामधल्या पोकळ्या बुजल्या. मी आक्रसत गेलो आणि अखेर माणसाच्या दाढेएवढा झालो. खडूचा दगड झाला म्हणा ना. माझ्या अभिमानाची पहिली जागा ही.

मी भट्टीत असताना अर्धापूरच्या एका दवाखान्याचा माणूस कॅप न्यायला आला होता. त्याची कॅप माझ्या शेजारीच भाजत होती.

"व्यंकटीभाऊ, उघडा की दार. पेशंट खुर्चीत बसून राहिलाय," तो म्हणाला.

"बसू द्या."

"भट्टी तर बंद झालेली दिसते. गार वारा घाला, पंखा लावा."

"ही भाकर न्हाई भाऊ," व्यंकटी म्हणाला, "कच्ची राहिली म्हणून परत तव्यावर टाकायला. आता दार उघडलं तर गार वाऱ्यानं हिला आतून तडा जाईल. तो तडा तुम्हाला दिसणार न्हाई, मला दिसणार न्हाई. तुमच्या पेशंटला घास खाताना दिसंल. चहा घ्या, बसा."

त्या माणसाने तीन वेळा घड्याळ पाहिलं आणि चहा घेतला. दार आपल्या वेळेलाच उघडलं.

पुढे माझ्या दोन अंगांवर दोन वेगळे संस्कार झाले. आतल्या अंगावर, म्हणजे जे दाताच्या मुळीवर बसतं त्यावर, व्यंकटीने बारीक रेतीसारख्या भुकटीचा फवारा मारला. त्यामुळे तिथे हलका खरखरीतपणा आला. सिमेंटला धरायला तो लागतो. पण या फवाऱ्याचा जोर तो फार बेताचा ठेवतो, कारण जोर वाढला तर तीच भुकटी मला इजा करते. बाहेरचं अंग मात्र त्याने रबराच्या चाकांनी घासलं. आधी जाड कणांचं चाक, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी लेप लावून मऊ ब्रश. मी तुळतुळीत झालो.

लोकांना वाटतं ही चकाकी शोभेची आहे. मित्रांनो, तुम्ही कापडाच्या दुकानात पाहिलं असेल. दुकानदार ताग्यातलं कापड फाडताना आधी काठावर कात्रीने लहानशी चीर देतो, मग दोन्ही हातांनी ओढतो आणि कापड सरळ फाटत जातं. चीर नसेल तर तेच कापड त्याला दाद देत नाही. आमचंही तसंच आहे. आमच्या अंगावरचा ओरखडा म्हणजे कात्रीने दिलेली चीर. फुटायची सुरुवात तिथून होते. चकाकीचा अर्थ एवढाच, की चिरा काढून टाकल्या आहेत.

माझ्या जातीचा आणखी एक गुण सांगतो. इतर बहुतेक चिनीमातीत फट पडली की ती धावत सुटते. माझ्यात फट पुढे सरकू लागली, की तिच्या टोकाशी असलेले कण किंचित फुगतात आणि तिचं तोंड दाबून धरतात. त्यामुळे लहानसहान फट जागच्या जागी अडते. त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मी स्वतः पाहिली आहे.

माझी नेमणूक झाली मल्लिनाथअप्पांच्या तोंडात. अप्पा लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडत्ये. शेतकरी तूर, हरभरा, सोयाबीन घेऊन आले, की सौदा निघण्याआधी अप्पा कट्ट्यात, म्हणजे धान्याच्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालत, अगदी मधला दाणा काढत आणि दाढेखाली धरत. दाणा टक् करून फुटला तर माल वाळलेला. दबला, चेपला तर माल ओला. ओल किती, हेही ते दाढेवरून सांगत. मोंढ्यात आता ओल मोजायची यंत्रं आली आहेत. यंत्रावर आकडा उमटतो, आणि तरीही शेतकरी आणि खरेदीदार दोघेही मान वळवून अप्पांकडे बघतात. अप्पांच्या पेढीचा सगळा मान त्या एका आवाजावर उभा होता.

पण अप्पांच्या डाव्या दाढा कधीच्या गेल्या होत्या. उजवीकडची खालची एक दाढ राहिली होती, आणि तिच्यावरची जुनी कॅप तुरीतल्या खड्यावर फुटली होती. फुटताना ती दाताचा एक कोपराही घेऊन गेली. औसा रोडच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर लुंबिनींनी त्यांना आरशात उरलेली मुळी दाखवली.

"अप्पा, एवढीच शिल्लक आहे," त्या म्हणाल्या. "आता बसवीन ती कॅप टिकली पाहिजे. ती फुटली आणि फुटताना मुळी चिरली, तर मला दात काढावा लागेल. तुमच्या रक्तातल्या साखरेमुळे हाडात स्क्रू घालून नवा दात बसवायला मी तयार नाही."

"मग दाणा कशानं बगावं मी?"

"म्हणूनच सांगते आहे."

एक दात गेला तर माणूस मऊ भात खाऊन जगतो. अप्पांना जेवणाची फिकीर नव्हती.

डॉक्टरांनी मला आधी कच्च्या सिमेंटने बसवलं. चार दिवस जेवून बघा, उंच लागलं तर या, मी कमी करीन आणि मग पक्कं बसवू, असं त्यांनी बजावलं. "आणि दाणा चावायचा नाही," असंही दारापर्यंत येऊन सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. मी नवाच होतो, त्या मान डोलावण्यावर माझा विश्वास बसला.

दुसऱ्याच दिवशी चाकूरकडच्या पार्वतीबाई तूर घेऊन आल्या. अप्पांनी कट्ट्यातून दाणा काढला आणि पुढच्या दातांत धरून कुरतडला.

"हे काय चाललंय अप्पा?" पार्वतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पुढच्या दातानं तर उंदीर बी बगतोय. दाढंला लावा की."

हमाल हसले. अप्पा म्हणाले, "बाई, दात नवा हाय. डॉक्टरनं नको म्हणलंय."

"मग शोभंला बसवलाव व्हय? माझी तूर वाळवता वाळवता माझी पाठ वाळली. तुमी असं कुरतडून ओली म्हणताल आन् मी गप ऐकून घिऊ?"

खरेदीदारही थांबून पाहू लागला. अप्पांनी दाणा दाढेखाली सरकवला आणि माझ्यावर जोर दिला. टक्! काय सुरेख आवाज होता तो. पेढीच्या साऱ्या ओट्याने ऐकला.

"वाळलेली हाय," अप्पा म्हणाले. "कडक हाय अगदी."

"आता कसं!" पार्वतीबाई म्हणाल्या.

तो माझ्या आयुष्यातला एकमेव दाणा. पण त्याच वेळी मला एक गोष्ट कळली. मी खरोखरच उंच होतो. अप्पांनी जबडा मिटला की बाकी दात टेकायच्या आधी मी टेकत होतो आणि जबड्याचा सगळा भार माझ्यावर पडत होता. हा दोष मोठा नव्हता. नवी कॅप पुष्कळदा केसभर उंच बसते. डॉक्टर ती काढून, पाणी सोडत, बारीक दगडाने उतरवतात आणि उतरवलेली जागा पुन्हा गुळगुळीत करतात. अप्पांनी फक्त दवाखान्यात जायला हवं होतं.

संक्रांत तोंडावर होती. अप्पांच्या पत्नी अंबिकाबाईंनी तिळाची वडी हातावर ठेवली. वडी चिकट होती. अप्पांनी चावली आणि मी वडीसकट बाहेर आलो. त्या वेळी डॉक्टर लुंबिनी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भोकरला गेल्या होत्या आणि दवाखाना बंद होता. मोंढ्यात तर तुरीची आवक रोज वाढत होती. अंबिकाबाई म्हणाल्या, "डॉक्टरबाईला फोन लावा तरी." अप्पा म्हणाले, "आईचं ऑपरेशन करून राहिलेत, त्यात माझा दात कशाला?" आणि मला रुमालात गुंडाळून ते थेट किशनरावांच्या दालमिलमध्ये गेले.

आता किशनराव कोण, ते सांगायला हवं. ते अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या मिलमध्ये तुरीची डाळ होते. डाळ होण्याआधी तुरीचं साल काढावं लागतं, आणि ते काढतात एमरीच्या रोलरवर. एमरी म्हणजे काचेलाही ओरबाडणारा, खरखरीत, काळा दगड. रोलर आणि त्याभोवतीची जाळी यांच्यामधलं अंतर केसभर चुकलं तर साल राहतं, नाहीतर डाळीचा चुरा होतो. ते अंतर नुसत्या बोटांनी जोखणारा माणूस म्हणून किशनरावांचं नाव होतं.

"काय मल्ल्या, गाल धरून आलास?"

"दात निघाला बघ. लई उंच बसला होता. आवळलं की कानशिलापर्यंत ठणका जायचा."

किशनरावांनी मला चिमटीत धरून उजेडासमोर फिरवलं. "एवढंच ना? आरं, ट्रकभर तुरीचं साल काढून राहिलो रोज. तुझ्या एका दाण्याचं काय घेऊन बसलास?"

"फुटंल का?"

"डॉक्टर काय करतात? तेबी दगडानंच घासतात. त्यांचा दगड बारका, माझा मोठा."

मला पकडीत धरलं. हत्यारांना धार लावायचं एमरीचं चाक सुरू झालं. पाणी नाही, काही नाही. माझ्या माथ्यावर ठिणग्या उडाल्या. एका जागी मी इतका तापलो, की किशनरावांनी मला पटकन बाजूच्या बादलीत बुडवलं. भट्टीत व्यंकटीने ज्या गोष्टीपासून मला जपलं होतं, ती मिलमध्ये एका क्षणात झाली. मग अप्पांनी मला मुळीवर दाबून पाहिलं. अजून उंच. पुन्हा चाक. पुन्हा दाबून पाहिलं. शेवटी अप्पांचा चेहरा उजळला.

"बसला! किशन्या, बसला बघ. सगळे दात एका टायमाला टेकायलेत."

"मग? आता मिलवर बोर्डच लावतो. इथं दाळ आन् दाढ दोन्ही घासून मिळंल."

दोघांनी हसत चहा मागवला. मी किशनरावांच्या हाताला दोष देणार नाही. उंची त्यांनी नेमकी आणली होती. माझी सगळी चकाकी मात्र दगडावर राहिली. माथ्यावर एकाच दिशेने ओरखडे उमटले होते, माझं अंग पातळ झालं होतं, आणि बादलीतल्या पाण्याने कुठे काय केलं होतं ते मलाच ठाऊक होतं. अप्पांनी मला सिमेंटशिवाय तसंच मुळीवर दाबून ठेवलं. त्यांची जीभ माझ्यावरून फिरली आणि लगेच मागे गेली. माझ्या वरच्या दाढेनेही पहिल्याच रात्री तक्रार केली, कारण मी आता तिलाच एमरीसारखा घासत होतो.

डॉक्टर लुंबिनी परतल्या. अप्पा मोठ्या खुशीत खुर्चीवर बसले.

"डॉक्टर, उंचीचं काम मी करून आणलंय. तुमी फक्त पक्कं सिमेंट लावा. तुरीचा सौदा हाय, लवकर मोकळं करा."

डॉक्टरांनी मला काढलं, पुसलं, भिंगाखाली धरलं. मग भिंग बाजूला ठेवून अप्पांकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"किशनरावनं. दालमिलवर."

"दालमिलवर," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या डोळ्यात कचरा गेला तर सुताराकडे जाणार का अप्पा?"

"उंची तर बगा, कशी बरुबर हाय!"

"उंची बरोबर आहे. मी नाही म्हणत नाही. पण हिच्यावर हात फिरवा." त्यांनी माझ्या माथ्यावरून अप्पांचं नख फिरवलं. कर्रर्र आवाज आला. "ही मी बसवणार नाही. नवी करावी लागेल."

"नवी? आन् तोवर?"

"तोवर मुळीवर कच्ची टोपी घालून देते. दाणा बघायचा नाही."

अप्पा ताठ झाले. "बाई, एक दाणा मी पुढच्या दातानं बघितला तर माणसं मला उंदीर म्हणायलेत. भर सीझनमधी आठवडाभर तोंड बंद ठेवलं, तर माझ्या वट्ट्यावर कोण येईल? हीच बसवा. फुटली तर माझी जबाबदारी."

"फुटली तर कॅप फुटणार नाही अप्पा, मुळी फुटेल. ती तुमची जबाबदारी घेऊन मी परत कशी आणू?"

दोघेही आपापल्या जागी खरे होते. अप्पांना मोंढा गमवायचा नव्हता, डॉक्टरांना मुळी. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास नाही ना? ज्यांनी ही बनवली त्यांना विचारा. त्यांनी 'बसवा' म्हटलं तर मी बसवते."

अप्पांनी दुसऱ्या सकाळी नांदेडची एसटी धरली. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. अप्पा मधूनमधून खिशाला हात लावून मी आहे ना ते बघत होते. मला वाटतं, त्या प्रवासात ते माझ्यावर रागावलेले नव्हते. घाबरलेले होते.

व्यंकटीने मला ओळखलं. आपण केलेली वस्तू कारागीर विसरत नाही. त्याने मला उजेडासमोर धरलं आणि मापून पाहिलं.

"काय म्हणता?" अप्पांनी विचारलं. "बसवावं का न्हाई?"

"न्हाई."

"का पण? तुमीच म्हणता ना, ही दगडासारखी असते?"

"हाव, असते. घासून परत गुळगुळीत करता आली असती, जाडी शिल्लक असती तर. तितकी राहिली न्हाई. आन् हिथं बगा, एक बारीक रेघ दिसून राहिली. तापवून पाण्यात टाकली का?"

अप्पांना बादली आठवली, त्यांनी किशनरावांच्या मिलमधली सगळी हकीकत सांगितली. तरी ते म्हणाले, "रेघ मला दिसंना गेली. रेघेनं काय होतंय?"

व्यंकटीने वाद घातला नाही. त्याने कपाटातून एक कॅप काढली. माझ्याच जातीची, एका दवाखान्याने रंग जुळला नाही म्हणून परत पाठवलेली. मूळचीच पातळ. त्याने दोघांची जाडी अप्पांसमोर मापली. सारखी भरली. फरक एवढाच, की ती तुळतुळीत होती आणि मी ओरखडलेला. त्याने आम्हाला धातूच्या दोन सारख्या खुंटांवर बसवलं. मग बाकावरच्या वाईसमध्ये, म्हणजे दांडा फिरवून आवळायच्या लोखंडी पकडीत, आधी त्या कॅपला धरलं, तिच्या माथ्यावर सायकलचा छर्रा ठेवला आणि दांडा अप्पांच्या हाती दिला.

"फिरवा. तुमचा हात, तुमचा अंदाज."

अप्पांनी दांडा आवळला. अजून आवळला. व्यंकटीने दांड्याच्या जागेवर खडूने खूण केली. कॅप जशीच्या तशी होती.

मग मला धरलं.

मित्रांनो, मी त्या क्षणाबद्दल खोटं सांगणार नाही. मला टिकायचं होतं. आपण टिकलो तर अप्पा हसत लातूरला जातील, मला मुळीवर बसवतील, सगळा मोंढा माझा आवाज ऐकेल, असं मला वाटत होतं. दांडा फिरला. छर्रा माझ्या माथ्यावर रुतला. बादलीने दिलेली फट हलली. तिच्या टोकाशी असलेले माझे कण फुगले, त्यांनी तिला दाबून धरलं. अप्पांनी आणखी थोडं आवळलं. फट ओरखड्यांपाशी पोचली आणि तिथून तिला वाट मोकळी मिळाली. खूण अजून दूर होती.

टक्!

मी दोन तुकडे होऊन बाकावर पडलो. आवाज अगदी वाळलेल्या तुरीसारखा झाला होता. अप्पांच्या कानाला तो आवाज कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी दांड्यावरचा हात काढला आणि नकळत स्वतःच्या उजव्या गालावर ठेवला.

"एकदा फुटली म्हणून कायदा होत न्हाई, अप्पा," व्यंकटी म्हणाला. "दहा फोडून बगितल्या तर एखादी टिकंल बी. पण तुमची मुळी एकच हाय."

अप्पांनी खुंटाकडे पाहिलं. धातूच्या खुंटावर, मी जिथे फुटलो होतो तिथे, आडवा ओरखडा उमटला होता. ते खुर्चीवर बसले.

"नवी करा," ते म्हणाले. "आन् भट्टीचं दार उघडायची घाई करू नका माझ्यामुळं."

व्यंकटीने मला फेकलं नाही. दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून अप्पांना दिले. "किशनरावला दाखवा," एवढंच म्हणाला.

किशनरावांना दाखवून झाल्यावर अप्पांनी मला डॉक्टरांकडे आणून दिलं. नवी कॅप आली त्या दिवशी मी डॉक्टरांच्या ट्रेवर होतो, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या समोर घडताना पाहिलं. डॉक्टरांनी ती मुळीवर ठेवून पाहिली. केसभर उंच. त्यांनी ती काढली, पाणी सोडलं आणि बारीक दगडाने उतरवली. पुन्हा ठेवली. या वेळी सगळे दात एकदम टेकले. अप्पांनी हाताने 'बरोबर' अशी खूण केली. नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. पेढीवरून होता. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला. "अप्पा, सौदा निघालाय! किती येळ? माणसं थांबायलीत!"

डॉक्टर लुंबिनी हातात रबराचं चाक घेऊन उभ्या होत्या. उंची झाली होती. सिमेंट लावून अप्पांना तसंच सोडलं असतं तर त्या दिवशी, त्या आठवड्यात, कदाचित त्या हंगामातही काही बिघडलं नसतं.

अप्पांनी ट्रेकडे, माझ्याकडे पाहिलं.

"निघू दे सौदा," ते फोनमध्ये म्हणाले. "माझी पॉलिश राहिलीय." आणि त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला.

डॉक्टरांनी जाड चाक लावलं, मग मध्यम, मग बारीक, मग लेप. कॅप खिडकीच्या उजेडात चमकली तेव्हा त्यांनी ती अप्पांच्या नखाखाली दिली. नख घसरलं. कुठेच अडलं नाही. मग पक्कं सिमेंट लागलं. त्या दिवशीचा सौदा अप्पांशिवाय झाला. अप्पा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत पडून राहिले आणि मोंढा जागचा हलला नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मान त्या नव्या दाताला मिळाला, तुला काय मिळालं? खरं आहे. मोंढ्यात आज वाजतो तो माझा आवाज नव्हे. पण मी जिथे फुटलो ती जागा बघा. लोखंडाच्या वाईसमध्ये फुटलो, अप्पांच्या जबड्यात नाही. मी पुढे कधीतरी फुटणारच होतो. मी आधी फुटलो आणि खालची मुळी वाचली. पुढच्या हंगामांतही अप्पा कट्ट्यात हात घालून दाणा काढत आहेत, तो दाढेखाली धरत आहेत आणि शेतकरी त्या आवाजासाठी कान देत आहेत. या साऱ्यामागे माझे दोन तुकडे आहेत. एवढा अभिमान मला पुरेसा आहे.

मित्रांनो, तुम्हाला दात आहेत, कुणाला उद्या माझ्यासारखी कॅपही बसेल. ती उंच लागली तर डॉक्टरांकडे जा. घरच्या कानशीने, चाकाने, दगडाने तिला हात लावू नका. आणि डॉक्टर म्हणाले, "बसली आहे, पण अजून गुळगुळीत करायची आहे," तर खुर्चीतून उठू नका. त्या वेळी तुमचाही एखादा फोन वाजेल. वाजू द्या. तोंड उघडं ठेवा.